जखम भरताना पेशींना काय जाणवते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जखमा, मोडलेली हाडे आणि शस्त्रक्रियेनंतरचे वण यांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. विषय वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: शरीरातील पेशींना ऊब आणि ताण या दोन्ही गोष्टी कळतात, आणि ऊती भरून येताना त्या पेशी पुढे काय करतील हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

प्रश्न : वर्षाचा मसाला करताना मिरच्यांची देठे काढली की हातांची आग तासन्‌तास थांबत नाही, हाताला हात लावून पाहिला तर तो गरम मात्र लागत नाही. २०२१ सालचे नोबेल पारितोषिक याच संशोधनाला मिळाले असे वाचले. उष्णता फक्त मज्जातंतूंना कळते की त्वचेतील इतर पेशींनाही? जखम भरण्याशी त्याचा काही संबंध आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

आपल्या हाताची त्वचा खरोखरच तापलेली नसते. मिरचीतील कॅप्सेसिन हा पदार्थ वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवरील एका प्रथिनाला चिकटतो आणि ते उघडतो. तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडते, आणि दोन्ही वेळा मज्जातंतूतून जाणारा संदेश सारखाच असल्यामुळे मेंदू त्याचा अर्थ 'भाजले' असाच लावतो. टीआरपीव्ही-१ नावाचे हे प्रथिन सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ओळखले. (जाता जाता : कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते, म्हणून हाताला आधी तेल चोळून मग साबणाने धुतले तर आग लवकर शमते.)

नोबेलचे दुसरे मानकरी आर्डेम पॅटापूटियन यांचे काम स्पर्श आणि दाब यांच्यावरचे आहे, आणि जखमांच्या दृष्टीने मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या अशा पेशी निवडल्या होत्या, ज्यांना काचेच्या सूक्ष्म नळीने हलकेच टोचले की त्यांच्यात विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होई. मग संशयित जनुकांची यादी करून एकेक जनुक बंद करायचे आणि पुन्हा टोचून पाहायचे, असे काम सुरू झाले. यादीतील ७२ व्या जनुकाशी येईपर्यंत पेशी प्रतिसाद देतच राहिल्या. ते बंद केल्यावर मात्र टोचूनही काहीच घडले नाही. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला पिएझो-१ हे नाव मिळाले, आणि पिएझो-२ या त्याच्या भावंडासह २०१० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. तीन पात्यांच्या पंख्यासारखी रचना असलेले हे प्रथिन पेशीच्या आवरणाला आत खोलगट वाक देऊन बसलेले असते. आवरण ताणले गेले की तो वाक सपाट होतो, मधले छिद्र उघडते आणि कॅल्शियमसारखे विद्युतभारित कण आत शिरतात. पेशीच्या दृष्टीने ताणाची बातमी म्हणजे आत शिरलेले हे कॅल्शियम.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. जाणीव होणे आणि पेशीला कळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जाणीव होण्यासाठी मज्जातंतू आणि मेंदू लागतात. पेशीला कळण्यासाठी ते लागत नाहीत. त्वचेच्या वरच्या थरातील केरॅटिनोसाइट पेशींमध्ये टीआरपीव्ही-३ आणि टीआरपीव्ही-४ ही प्रथिने असतात आणि ती भाजण्याइतक्या नव्हे, तर सुखद उबेच्या तापमानालाच उघडतात. याहून जुनी सोय तर जवळजवळ प्रत्येक सजीव पेशीत आहे. इटलीतील शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीच्या पेशी नेहमीपेक्षा अधिक तापमानात ठेवल्यावर गुणसूत्रांचे ठरावीक भाग फुगून कामाला लागलेले पाहिले. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडू लागल्या की त्यांना सावरणारी दुसरी प्रथिने पेशी तातडीने बनवते, हे त्यातून पुढे उलगडले.

जखमेशी संबंध दोन प्रकारे येतो. पहिला वेदनेचा. जखमेभोवती सूज आली की तेथे तयार होणारी रसायने टीआरपीव्ही-१ उघडण्याची मर्यादा ४३ अंशांवरून बरीच खाली आणतात, आणि मग एरवी आल्हाददायक वाटणारे कोमट पाणीही चटका देते. दुसरा संबंध अधिक अनपेक्षित आहे. जखम मिटवण्यासाठी कडेच्या केरॅटिनोसाइट पेशी सरकत मध्याकडे येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील मेधा पाठक यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले, की या सरकणाऱ्या पेशींच्या मागच्या बाजूला पिएझो-१ गोळा होते, तेथील पेशीची कड मागे खेचली जाते आणि पुढे जाण्याचा वेग मंदावतो. ज्या उंदरांच्या केरॅटिनोसाइट पेशींतून पिएझो-१ काढून टाकले होते, त्यांच्या जखमा लवकर मिटल्या. ताण ओळखणारे प्रथिन येथे लगाम घालण्याचे काम करते, हे मला या संशोधनातील सर्वांत विचार करायला लावणारे निरीक्षण वाटते. माणसांसाठी यातून औषध निघालेले नाही.

प्रश्न : माझ्या पोटाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी गरम हवा सोडणारे पांघरूण घातले होते. ते केवळ थंडी वाजू नये म्हणून असते का? (एक वाचक, नाशिक)

थंडी वाजू नये हा त्यातील लहान भाग झाला. भूल दिल्यावर शरीराचे तापमान राखणारी यंत्रणा ढिली पडते आणि उघड्या पोटातून उष्णता निघून जाते. आंद्रेआ कुर्झ, डॅनियल सेस्लर आणि रेनर लेनहार्ट यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांची पाहणी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांचे तापमान सरासरी ३४.७ अंशांपर्यंत उतरू दिले होते, त्यांच्यापैकी १९ टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. ज्यांना उबदार ठेवून सरासरी ३६.६ अंश राखले होते, त्यांच्यात हेच प्रमाण ६ टक्के होते. अवघ्या दोन अंशांचा हा फरक आहे. गारव्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोहोचतो, आणि जंतू मारण्यासाठी प्राणवायूवर विसंबून असणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात. जखमेचे ड्रेसिंग उगाच वारंवार उघडून पाहू नये, असे परिचारिका सांगतात त्यामागेही हे एक कारण आहे; उघडलेली ओली जखम झपाट्याने गार होते आणि तेथील पेशींचे काम मंदावते.

भाजल्यावर मात्र नियम उलटा आहे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये.

प्रश्न : पत्नीच्या नडगीचे हाड मोडले आणि आत रॉड घातला. डॉक्टर काठी घेऊन पायावर थोडा भार द्यायला सांगतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की हाड जुळेपर्यंत पाय हलवूच नये. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, लातूर)

डॉक्टरांचे ऐकावे. पण वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यालाही आधार आहे आणि तो नेमका कोठे संपतो हे समजून घेतले, तर घरातील वाद मिटेल.

मोडलेल्या टोकांच्या मधल्या फटीत कोणती ऊती तयार होईल, हे त्या फटीत किती हालचाल होते यावर ठरते. स्वित्झर्लंडमधील शल्यविशारद स्टेफान पेरेन यांनी १९७० च्या दशकात याचा हिशेब मांडला. समजा, फट १ मिलिमीटरची आहे आणि पाय टेकताना ती ०.१ मिलिमीटरने कमीजास्त होते. म्हणजे तेथील ऊतीला मूळ लांबीच्या १० टक्के ताण सोसावा लागतो. पक्के हाड साधारण २ टक्क्यांपलीकडचा ताण सोसू शकत नाही, कूर्चा १० टक्क्यांच्या आसपासपर्यंत टिकते, आणि जखमेत प्रथम तयार होणारी मऊ, लालसर ऊती याच्या कितीतरी पट ताणली तरी तुटत नाही. म्हणून शरीर आधी मऊ ऊती घालते. तिने हालचाल थोडी आवरली की कूर्चा तयार होऊ लागते. तिने फट आणखी स्थिर केली की हाड बनू लागते. क्ष-किरण चित्रात मोडलेल्या जागेभोवती ढगासारखा जो फुगवटा दिसतो, तो हाच मधला टप्पा होय आणि त्याला कॅलस म्हणतात. हालचाल बेसुमार झाली तर ही साखळी मऊ ऊतीपाशीच अडकते आणि हाड जुळत नाही. वडीलधाऱ्यांची भीती येथपर्यंत खरी आहे. परंतु हालचाल आणि भार अजिबातच नसतील, तर कॅलस बनवण्याचा निरोपच पेशींना मिळत नाही. आत बसवलेला रॉड हाडाला वाकू आणि फिरू देत नाही. पण पाय टेकल्यावर टोकांमध्ये जो किंचितसा दाब यायला हवा, तो येऊ देतो. भार देण्याचा सल्ला त्यावर आधारलेला आहे.

हा निरोप घेणाऱ्या पेशी कोठे असतात, तेही सांगतो. हाडातील पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक ऑस्टिओसाइट असतात. त्या टणक हाडाच्या आत बारीक पोकळ्यांमध्ये बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक नलिकांमधून एकमेकींशी जोडलेल्या असतात. पाऊल टेकताना हाड किंचित वाकते, नलिकांतील द्रव सरकतो आणि त्याचा ओढा या पेशींना जाणवतो. हाडनिर्मितीला अटकाव करणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन त्या एरवी सोडत असतात. भार पडला की ते कमी सोडतात. महिनोन्‌महिने अंतराळात राहणाऱ्यांच्या कंबर आणि मांडीच्या हाडांतील खनिज दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते, कारण तेथे आहार कितीही चांगला असला तरी हाडाला कोणी काही सांगतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही, वेग कमी असला तरी, हेच होते.

ताणाची मात्रा मोजून द्यावी लागते, हे सोव्हिएत संघातील कुर्गान या गावी काम करणाऱ्या गाव्ह्रील इलिझारोव्ह यांनी सर्वांत स्पष्टपणे दाखवले. १९५१ पासून त्यांनी विकसित केलेल्या कड्यांच्या चौकटीने कापलेल्या हाडाची टोके दिवसाला १ मिलिमीटर, तीही पाव-पाव मिलिमीटर अशी चार वेळा, एकमेकांपासून दूर नेली जातात आणि मधली जागा नव्या हाडाने भरत जाते. वेग वाढवला तर फट तंतुमय ऊतीने भरते. कमी केला तर हाड वेळेआधीच जुळून बसते.

तेव्हा पत्नीला किती किलो भार, किती आठवड्यांनी आणि कोणत्या आधाराने द्यायचा, हे त्यांचे क्ष-किरण चित्र पाहणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. त्यांच्या परवानगीआधी चालणे जेवढे चूक आहे, तेवढेच परवानगी मिळाल्यावरही भीतीने पाय उचलून धरणे चूक आहे. वजनकाट्यावर पाय दाबून किती भार पडतो याचा अंदाज घेण्याची साधी पद्धत फिजिओथेरपिस्ट शिकवतात. ती जरूर शिकून घ्यावी.

प्रश्न : हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीवरचा वण जाड, लाल आणि खाजरा झाला आहे, त्याच वेळी पायातून शीर काढली, तिथला वण मात्र बारीक रेघेसारखा आहे. माणूस एकच, डॉक्टर तेच. मग हा फरक का? (एक वाचक, मडगाव)

छातीच्या मधली त्वचा प्रत्येक श्वासाला आणि हाताच्या प्रत्येक हालचालीला ताणली जाते. त्वचेत ताण सगळीकडे सारखा नसतो, हे व्हिएन्नातील शरीरशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये दाखवले होते. मृतदेहाच्या त्वचेत त्यांनी गोल टोकाच्या हत्याराने भोके पाडली, तेव्हा ती गोल न राहता लांबट झाली, आणि त्यांची दिशा शरीराच्या प्रत्येक भागात ठरावीक निघाली. शल्यचिकित्सक शक्यतो त्या दिशेने छेद घेतात. हृदयापर्यंत पोहोचायचे असेल तर मात्र ती मुभा नसते.

जखमेत कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी भोवतालच्या त्या धाग्यांच्या जाळ्याला इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरून ओढून पाहतात. जाळे मऊ असेल तर ते ओढीसरशी सरकते आणि पेशी शांत राहते. ते कडक असेल तर ओढ पेशीवरच उलटते. इंटिग्रिनच्या आतल्या टोकाला जोडलेल्या टॅलिन या प्रथिनाची घडी त्या ओढीने उलगडते, उघड्या पडलेल्या जागी दुसरी प्रथिने येऊन चिकटतात आणि पकड घट्ट होते. अशा पेशीचे रूपांतर मायोफायब्रोब्लास्टमध्ये होते. जिनिव्हा येथील ज्युलिओ गाब्बियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वर्णिलेल्या या पेशीत स्नायूसारखे आकुंचन पावणारे तंतू असतात. जखमेच्या कडा एकमेकींकडे खेचून घेण्यासाठी ती हवीच असते. पण काम झाल्यावर तिने निघून जायला हवे. ताण चालूच राहिला, तर तिच्या ओढीमुळे जाळ्यात बांधून ठेवलेला टीजीएफ-बीटा हा घटक मोकळा होतो, तो आणखी कोलॅजन तयार करवतो, जाळे आणखी कडक होते आणि पेशी आणखी जोराने ओढते. छातीवरचा जाड वण म्हणजे हे चक्र न थांबणे होय.

यात ताणाखेरीज आनुवंशिक कलही असतो. कानाच्या पाळीवर ताण नसतानाही टोचलेल्या जागी गाठी येतात, याचा खुलासा केवळ ताणाने होत नाही. वण मूळ जखमेच्या हद्दीत राहिला असेल, तर तो काळाच्या ओघात थोडाफार निवळतो. हद्द ओलांडून निरोगी त्वचेत पसरत असेल, तर तो केलॉइड समजावा आणि नुसता कापून काढण्याचा आग्रह धरू नये, कारण कापल्यावर तो बहुधा पुन्हा येतो, पुष्कळदा पूर्वीपेक्षा मोठा. टाके निघून जखम पूर्ण मिटल्यावर तिच्यावर ताण कमी करणारी कागदी चिकटपट्टी लावणे, सिलिकॉनची पट्टी रोज बरेच तास ठेवणे आणि गरज पडल्यास वणात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणे, हे उपाय त्वचारोगतज्ज्ञ सुचवतात. खाज असह्य असेल तर त्यांच्याकडे जाण्यात उशीर करू नका.

प्रश्न : वडिलांना वीस वर्षे मधुमेह आहे. तळपायाला अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली आहे. ती दुखत नाही, म्हणून ते रोज चालायला जातात. मलम आणि प्रतिजैविके चालू असूनही दोन महिने ती भरत नाही. (एक वाचक, सोलापूर)

ती दुखत नाही हेच तिचे मोठे दुखणे आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाचे मज्जातंतू निकामी होत जातात. आपण लंगडतो, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतो, बूट चावला की तो काढून टाकतो, ते सगळे वेदनेमुळे. ती गेली की रोज हजारो पावले नेमकी त्याच जागेवर पडत राहतात. तेथे आधी घट्टा होतो, त्याच्याखाली रक्त साकळते आणि मग जखम होते. जखमेच्या तळाशी असलेल्या पेशींना दाब अजूनही कळतो, पण ती बातमी मेंदूपर्यंत नेणारी तार तुटलेली असल्यामुळे पाय मागे घेतला जात नाही. नवी ऊती दिवसभरात तयार होते आणि सायंकाळच्या फेरीत चिरडली जाते. अशा जखमेवर मलम बदलत राहण्याने काही साधत नाही; तिच्यावरचा भार काढणे हाच मुख्य उपचार आहे.

या उपचाराचा इतिहास आपल्या देशातील कुष्ठरुग्णांच्या पायांशी जोडलेला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगातील जखमा रोगजंतूंमुळे थेट होत नसून संवेदना गेलेल्या पायावर वारंवार पडणाऱ्या दाबाने होतात, हे ठामपणे मांडले. पायाला आणि पोटरीला सगळीकडून चिकटून बसणारे प्लास्टर घालून भार वाटून देण्याची भारतात वापरली जाणारी पद्धत ते १९६० च्या दशकात अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथे घेऊन गेले आणि तेथून ती मधुमेहींच्या पायांसाठी जगभर रूढ झाली. घरी काढता न येणारे प्लास्टर किंवा बूट काढता येणाऱ्यापेक्षा अधिक गुणकारी ठरतो, कारण माणूस 'एवढ्यापुरते' म्हणून तो काढून चालतोच. मात्र प्लास्टर घालण्याआधी पायाचा रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग तपासून घेणे अत्यावश्यक आहे; तेव्हा वडिलांना मधुमेही पायांवर उपचार करणाऱ्या केंद्रात या आठवड्यातच न्यावे. पायाला लाली, दुर्गंध किंवा ताप असेल तर त्याच दिवशी न्यावे. तोपर्यंत फिरायला जाणे पूर्ण बंद.

आपल्या भागातील उन्हाळा लक्षात घेता एक गोष्ट बजावून सांगतो. संवेदना गेलेल्या पायाला उष्णताही कळत नाही. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणे, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणे आणि चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे, या तिन्हींमुळे पायांना फोड आलेले रुग्ण दर उन्हाळ्यात दवाखान्यांत येतात. पाण्याचे तापमान वडिलांनी पायाने पाहू नये. घरातील दुसऱ्या कोणी कोपराने पाहावे.

जखम भरून आल्यावरही तापमानाचाच उपयोग पुढच्या जखमेची चाहूल लागण्यासाठी करता येतो. एका जागेवर दाब जास्त पडू लागला की त्वचा फाटण्यापूर्वी काही दिवस तेथे दाह सुरू होतो आणि ती जागा तापते. त्वचेचे तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पायांच्या त्याच त्याच ठिकाणांचे तापमान रोज मोजून वहीत लिहावे. एका पायावरील जागा दुसऱ्या पायावरील तशाच जागेपेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून अधिक गरम असेल आणि दुसऱ्या दिवशीही तो फरक टिकला, तर त्वचा अखंड दिसत असली तरी चालणे कमी करावे आणि पाय डॉक्टरांना दाखवावा.